दुसऱ्या रविवारचे भोये मास्तर

भोये मास्तरांची आणि माझी ओळख झाली ती माझ्या एका चुकीमुळे. त्यांचं आयुष्यातलं एकुलतं एक ठिकाण सुटायची वेळ आली तीही माझ्याच चुकीमुळे. मधल्या चार वर्षांत त्यांनी माझ्या बारीकसारीक चुका पेन्सिलीनं दुरुस्त केल्या, त्या धरत नाही.

जव्हारला बाजाराच्या मागं आमच्या संघटनेची एक खोली आहे. पाणी, रस्ते, रोजगार हमीची अडलेली कामं, असले विषय. पत्रकं लिहायचं माझ्याकडं. एका सभेच्या पत्रकात मी छापलं, 'साखरशेतचे सुपुत्र, प्रसिद्ध व्हायोलिनवादक काशिनाथ भोये उपस्थित राहणार.' दुसऱ्या दिवशी सकाळी दारात एक उंच म्हातारा उभा. हात एवढे लांब की शर्टाच्या बाह्या मनगटाच्या वरच संपलेल्या. हातात माझं पत्रक, चार घड्या घातलेलं.

"हे तुम्ही लिहिलंत?"

"हो."

"तीन चुका आहेत. मी व्हायोला वाजवतो, व्हायोलिन नाही. प्रसिद्ध नाही. आणि मी येणार असं कोणाला बोललेलो नाही."

"मग येणार नाही का?"

"येईन की. छापलंय ना आता."

आले. सभेत पहिल्या रांगेत बसले नाहीत, मागंही बसले नाहीत. मधल्या रांगेत, जरा उजवीकडं. पुढं कुठंही पाहिलं, एसटीत, लग्नात, दवाखान्याच्या बाकड्यावर, तरी ते तिथंच बसलेले दिसायचे.

मास्तर हे नुसतं म्हणायला. शाळेत त्यांनी कधी शिकवलं नाही. पण वाद्याची पेटी घेऊन हिंडणाऱ्या म्हाताऱ्याला जव्हारमध्ये लोक दुसरं काय म्हणणार? त्यांची आई मुंबईला पाद्र्यांच्या एका वसतिगृहात स्वयंपाकाला होती. तिथं एक गोव्याचे सर मुलांचा वाद्यवृंद बसवायचे. त्यांना व्हायोलासाठी कोणी मिळेना. त्यांनी पोरांना ओळीत उभं केलं, हात पुढं करायला लावले, आणि सगळ्यात लांब हात असलेल्याच्या हातात व्हायोला दिला. "मी निवडलं नाही," मास्तर सांगायचे, "हातानं निवडलं."

व्हायोला म्हणजे व्हायोलिनचा थोरला भाऊ. दोन-तीन इंच लांब, आवाज खालचा आणि जाडसर. गाण्याची चाल वर व्हायोलिनकडं असते, खालचा पाया चेलोकडं. चेलो म्हणजे ते गुडघ्यांत धरून वाजवायचं मोठं वाद्य. व्हायोला या दोघांच्या मधली जागा भरत बसतो. तो असला तर कोणाच्या लक्षात येत नाही. मास्तरांनी वीसेक वर्षं फिल्मी गाण्यांच्या रेकॉर्डिंगला हे काम केलं. तुम्ही आम्ही लहानपणापासून जी गाणी ऐकली त्यात कुठंतरी ते आहेत. नाव कुठंच नाही. मला याचा संताप यायचा. त्यांना नाही.

"अगं, आमच्यात म्हणायचे, व्हायोलावाला आला नाही हे कधी कळतं? चहाचा एक कप उरतो तेव्हा."

असले व्हायोलावाल्यांवरचे विनोद त्यांच्याकडं ढीगभर होते आणि ते स्वतःच सांगायचे. मी हसले नाही तर म्हणायचे, "पत्रकवाली हसत नाही. नोंद करा." मला ते पत्रकवालीच म्हणायचे.

पुढं रेकॉर्डिंगला यंत्रं आली. पहिल्यांदा व्हायोले गेले. मग मास्तर शहरातल्या एका मोठ्या ऑर्केस्ट्रात लागले आणि तिथं म्हातारे होईपर्यंत तिसऱ्या डेस्कवर बसले. एका डेस्कवर दोघं, समोर एकच स्टँड. पानं उलटायची ती आतल्या बाजूला बसणाऱ्यानं. आतल्या बाजूला मास्तर. लग्न केलं नव्हतं. का, म्हणून आमच्या एका कार्यकर्त्यानं विचारलं तर म्हणाले, "रिहर्सल असायची."

गावी भावाची भात-नाचणीची शेती. तिच्यात वाटा मागायला नको म्हणून साखरशेतला न राहता त्यांनी जव्हारमध्ये दोन खोल्या घेतल्या होत्या. एका खोलीत ते, दुसरीत व्हायोला, असं शेजारच्या गावितबाई म्हणायच्या. उन्हाळ्यात इथली हवा कोरडी पडली की लाकूड तडकतं, म्हणून साबणाच्या डबीला भोकं पाडून त्यात ओला स्पंज घालायचे आणि डबी पेटीत ठेवायचे. नळाला तिसऱ्या दिवशी पाणी.

"मास्तर, आमच्या तुळशीला पाणी नाय नि तुमचं लाकूड रोज पितंय."

"माझ्या पेल्यातलं देतो बाई. तुमच्या हंड्याला हात लावलाय का?"

"नाय लावला, पण लाकडाला सवय लागली म्हंजे?"

त्यांच्या खिशात कायम एक मऊ पेन्सिल. स्वरलिपीच्या कागदावर खुणा पेन्सिलीनंच करायच्या असतात, कारण कागद ऑर्केस्ट्राचा, कार्यक्रम झाला की परत द्यायचा. ही सवय त्यांनी माझ्या पत्रकांनाही लावली. मी मसुदा वाचायला दिला की तो परत येताना ओळींच्या डोक्यावर स्वल्पविरामासारख्या बारीक खुणा असायच्या. वाचणारा इथं श्वास घेईल. जिथं खूण करायला जागा सापडली नाही तिथं लिहायचे, 'माणूस मेला.' माझी वाक्यं तेव्हा फार लांब असायची.

बैठकीत मास्तर दोन-दोन तास गप्प. अंगठा मात्र बोटांच्या पेरांवरून सरकत असायचा. मला वाटलं, जप करतात. एकदा विचारलं, तर त्यांनी पेटीतून एक जुना कागद काढला. स्वरांच्या पाच रेघांमध्ये एक जाड आडवी रेघ, तिच्या डोक्यावर आकडा, त्रेसष्ट.

"त्रेसष्ट बार गप्प बसायचं. बार म्हणजे तालाचं एक घर. त्रेसष्ट घरं मोजायची आणि चौसष्टाव्याला बरोबर शिरायचं. चुकलं तर सगळ्या हॉलला कळतं."

"आणि बरोबर शिरलं तर?"

"तर कोणाला कळत नाही."

"मग आमच्या बैठकीत काय मोजता?"

"किती बोलल्यावर तुमच्यातलं कोणीतरी पाण्याचं बोलतं, ते."

मोखाड्याच्या बाजूला सूर्यमाळच्या एका पाड्यावर विहीर ढासळली होती. बायका डोंगर उतरून झऱ्यावर जायच्या. आम्ही एका कचेरीवर मोर्चा नेला. कुठल्या, ते लिहीत नाही. नाव न घ्यायची सवय मला मास्तरांनंतर लागली, ते पुढं येईल. मोर्चात नेहमीचं झालं. आमच्या पुढाऱ्याला 'चर्चेला' आत बोलावलं, बाहेर शिपायानं भोंगा काढून घेतला, आणि 'धरण उशाला'च्या पुढं 'कोरड घशाला' म्हणायला कोणी उरलं नाही. दीडशे माणसं गप्प उभी. परत आलो.

पुढच्या खेपेला मास्तर आदल्या दिवशी पाड्यावर आले. वीसेक बायकांना गोल बसवलं. म्हणाले, "आम्ही चौघं वाजवतो तेव्हा पुढं काठी घेऊन कोणी उभं नसतं. तरी एकदम सुरू होतं. कसं? सगळ्यांनी एकदम नाकानं श्वास घ्यायचा, शेजारणीला ऐकू येईल असा. मग सुरू. पुढारी लागत नाही, भोंगा लागत नाही."

यमुनाबाई त्या पाड्यावरची म्हातारी. सगळ्यांच्या आधी बोलायची तिला खोड. ती म्हणाली, "ह्या तं आमी भात लावताना करतोच. वाकायच्या आधी."

मास्तर तिच्याकडं वळले. "मग मी काय शिकवतोय?"

"ता तुमीच सांगा. आमाला वाटला, मुंबईचा काय नवीन आसंल."

दुसऱ्या दिवशी पुढारी आत गेला, भोंगा गेला, आणि कचेरीच्या पायऱ्यांसमोर वीस बायकांनी श्वास घेतला. तो आवाज मी विसरणार नाही. त्यानंतरची घोषणा रस्त्यापर्यंत गेली. शिपाई कोणाचा हात धरू, म्हणून नुसता फिरत राहिला. विहिरीचं काम मंजूर झालं. झालं नाही, मंजूर झालं.

आता दुसऱ्या रविवारचं. ऑर्केस्ट्रा सुटला तरी मास्तरांची चौकडी सुटली नव्हती. दोन व्हायोलिनं, एक चेलो आणि हे. चौघं म्हातारे दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी मुंबईत एका चर्चच्या मागच्या हॉलमध्ये जमायचे. मास्तर पहाटेची पहिली एसटी धरायचे आणि रात्री परत यायचे. ऐकायला कोणी नसायचं.

"मग कोणासाठी वाजवता?"

"चौघांसाठी."

महिन्याचे बाकीचे दिवस त्या रविवारची तयारी. रोज सकाळी ते आपला भाग वाजवायचे, आपला तेवढाच, गप्प राहायच्या जागा गप्प राहून. गावितबाई भिंतीपलीकडून विचारायच्या, "मास्तर, गाणं कधी येणार?" ते म्हणायचे, "गाणं मुंबईला आहे. माझ्याकडं माझ्यापुरतंच." व्हायोला हे एकट्याचं वाद्य नाही, हे त्यांनी मला किती वेळा सांगितलं असेल. मी ऐकलं नाही. मी त्या वयाची होते आणि पत्रकं लिहीत होते.

झालं असं की एके दिवशी डाव्या हाताची नखं कापता कापता मास्तर बोलून गेले. ऑर्केस्ट्रातून त्यांना काढलं ते फोनवरच्या एका निरोपानं. बाहेरून कंत्राटावर वादक आणले, इथल्या जुन्यांना घरी बसवलं. ती यादी झाली त्या बैठकीत वादकांच्या वतीनं सायमन होता. सायमन म्हणजे चौकडीतला पहिला व्हायोलिनवाला, मास्तरांचा वसतिगृहापासूनचा सोबती. तो एक शब्द बोलला नाही.

"त्याला आधी ठाऊक होतं?"

"होतं की. त्याचा मुलगा तिथंच वाजवतो. काय करील?"

"आणि तुम्ही त्याच्या शेजारी बसून वाजवता?"

"शेजारी नाही. समोर. पहिलं व्हायोलिन आणि व्हायोला समोरासमोर बसतात."

मी तिथंच म्हटलं, यावर लिहिणार. ते म्हणाले, "मी तुला सांगितलं, छापायला दिलं नाही." मी लिहिलं. रागानं लिहिलं, एका बैठकीत, दोन्ही बाजूंनी भरलेलं. आमच्या कामात पत्रकाला नाव लागतं. 'व्यवस्था' म्हटलं की लोक घडी घालून खिशात ठेवतात, नाव आलं की वाचतात. हे मला शिकवलेलं होतं आणि ते खरंच आहे. मी सायमनचं नाव घातलं. 'पन्नास वर्षांच्या मित्राला विकताना जो गप्प बसला', असं वाक्य होतं. मला ते फार आवडलं होतं.

मसुदा मास्तरांना दाखवला नाही. तेवढी अक्कल होती, म्हणजे तेवढी लबाडी होती.

पत्रक फोनवरून फिरत फिरत मुंबईला पोचलं. कोणीतरी त्याचं भाषांतर केलं. दुसऱ्या रविवारच्या आधी दोन दिवस सायमनचा फोन आला. मास्तरांच्या खोलीत मी होते. फोनमधला आवाज मलाही ऐकू आला. "काशी, इस संडे को मत आना. अभी रहने दो."

मास्तरांनी फोन ठेवला. माझ्याकडं न बघता गजाला चोळायचा राळेचा खडा फडक्यात गुंडाळला.

"तू मला सोलो दिलास," ते म्हणाले. "मी मागितला होता का?"

मी सायमनबद्दल काहीतरी बोलले. चूक नसेल तर माणूस का भितो, वगैरे. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तो बोलला असता तर आम्ही दोघं घरी बसलो असतो. आता एक बसलाय. तुला यात पत्रक दिसतं. मला त्याला बोलायला जागाच दिसत नाही."

पुढचा महिनाही फोन नाही. त्याच्या पुढचाही नाही. मास्तरांचं माझ्याशी बोलणं बंद झालं नाही, बैठकीला यायचं बंद झालं नाही. फक्त अंगठा पेरांवरून फिरत नव्हता. सकाळचा रियाझ चालू होता. पण गावितबाईंनी मला बाजारात गाठून सांगितलं, "काय केलंस ग त्यांना? वाजवतात नि मधेच थांबतात. मग पुढं जातच नाय."

चौथ्या महिन्यातल्या दुसऱ्या रविवारी सूर्यमाळच्या विहिरीचं काम बघायला गेलो. काम अर्धं झालं होतं, म्हणजे खड्डा होता. मास्तर पेटी घेऊन आले होते. दुसरा रविवार म्हटला की पेटी उचलायची हे हातालाच माहीत असावं. बायकांनी बघितलं.

"बाजा आनलाय तं वाजवा की," यमुनाबाई म्हणाली.

मला वाटलं, नको म्हणतील. ते एका उलट्या घमेल्यावर बसले, व्हायोला खांद्याला लावला, गज खाली धरला आणि गप्प बसले. दहा बार, बारा बार. मिनिटभर तरी गेलं असेल. मी शरमेनं खाली बघत होते. मग त्यांनी चार स्वर वाजवले, पुन्हा थांबले, मग तोच एक खालचा स्वर बराच वेळ धरून ठेवला. चाल अशी नव्हतीच. संपल्यावर कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत.

यमुनाबाई म्हणाली, "बाकीची मानसां कुठं हायत?"

मास्तरांनी वर पाहिलं. "काय म्हणालीस?"

"तुमी थांबत व्हते ना मधी मधी. ता दुसऱ्यांचा वाजवायचा असंल. ती कुठं हायत?"

"मुंबईला."

"मंग बोलवा त्यांना. नायतं तुमी जा. आशी जागा सोडून किती दिस वाजवाल?"

आमचे अर्धे पाडे दर वर्षी वीटभट्टीवर नि भिवंडीकडं जातात. मागं राहिलेल्यांना सोडलेली जागा ऐकू येते. मला ऐकू आली नव्हती.

घरी येऊन मी सायमनला पत्र लिहिलं. मथळा नाही, मागणी नाही. लिहिलं की पत्रक माझं आहे, काशिनाथ भोयेंनी नको म्हटलं होतं, आणि तुमच्याबद्दलचं वाक्य लिहिताना मी तुम्हाला काही विचारलं नव्हतं. चार ओळी लिहायला तीन दिवस लागले. पाचव्या महिन्याचा रविवारही तसाच गप्प गेला. त्यानंतर फोन आला, मास्तरांना नाही, मला.

"तुम वो पर्चावाली लडकी? काशी को बोलो, उसकी चेअर पे अभी एक लडकी बैठती है. अच्छा बजाती है. उसको मैं उठाएगा नहीं."

"मग?"

"मग क्या. दो व्हायोला का म्युझिक भी होता है. पाच लोग. काशी को मालूम है कौनसा. बोलो, सेकंड व्हायोला का पार्ट निकालके रखे."

मी धावत जाऊन सांगितलं. खुर्ची गेली, हेही सांगितलं. मास्तर उठले. मग पलंगाखालची ट्रंक ओढली.

"दुसरा व्हायोला," ते म्हणाले. "म्हणजे आणखी मध्ये." आणि पहिल्यांदाच माझ्यासमोर एकटेच हसले.

मास्तर सहाव्या महिन्यात वारले, मुंबईला पुतणीच्या घरी मुक्कामाला असताना, झोपेत. त्या महिन्याच्या दुसऱ्या रविवारनंतर तीन दिवसांनी. रविवारी काय झालं ते मला सायमननंच सांगितलं. संथ भागात काशी एक बार आधी शिरला. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. बाकीचे चौघं थांबले, मग काशीच म्हणाला, "घाई झाली." पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्या रविवारी पहाटे, जव्हारच्या स्टँडवर. गाडी रिकामी होती. पुढची सीट मोकळी असून ते मधल्या रांगेत जाऊन बसले, पेटी मांडीवर उभी धरली. मी खिडकीशी गेले. त्यांनी खिशातून चार घड्या घातलेला कागद काढून खिडकीतून दिला. "तपासून ठेवलंय," म्हणाले. "राहून गेलं होतं द्यायचं." गाडी निघाली. उजव्या हाताचा अंगठा पेरांवरून फिरत होता.

कागद म्हणजे माझं ते पत्रक. मला वाटलं होतं, खुणांनी भरलेलं असेल. सगळं कोरं होतं, एकही स्वल्पविराम नाही. फक्त सायमनच्या वाक्यावरून पेन्सिलीची एक जाड आडवी रेघ ओढली होती, त्रेसष्टवाल्या कागदावर होती तशी. अक्षरं खालून दिसत होती. रेघेच्या डोक्यावर आकडा होता, पाच.